घरी येऊन भाडेकरार करून देणारी सेवा: पैसे वसूल

कोथरूडच्या फ्लॅटचा लिव्ह अँड लायसन्स करार आम्ही एजंटला घरी बोलावून केला. मुलगा लॅपटॉप, वेबकॅम आणि अंगठ्याचं मशीन घेऊन वेळेवर आला. घरमालक काका पंच्याहत्तरीचे, त्यांचा अंगठा काही केल्या उमटेना. पोरगा अजिबात वैतागला नाही. ओल्या रुमालाने बोटं पुसून एकेक लावून पाहिलं, शेवटी मधल्या बोटावर जमलं.

हिशेब आधीच स्पष्ट सांगितला होता. स्टॅम्प ड्युटी एकूण भाड्यावर ०.२५ टक्के (अनामतीवरचं १० टक्के व्याजही त्यात धरतात), शहरात नोंदणी फी १००० रुपये आणि एजंटची स्वतःची फी वेगळी.

एक गोष्ट खटकली. त्याच्या तयार मसुद्यात 'रंगकामाचा खर्च अनामतीतून वजा' असं कलम आधीच घातलेलं होतं आणि लॉक-इन (ठरावीक काळ करार मोडता न येण्याची अट) फक्त आमच्यावर होतं. आम्ही बोललो, काकाही लगेच कबूल झाले, दोन्ही बदललं. मसुदा आदल्या दिवशी व्हॉट्सॲपवर मागवून नीट वाचाच.

'नोटरी करू, स्वस्तात पडेल' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वादात भाडेकरू सांगेल त्या अटी ग्राह्य धरतात, उलट सिद्ध होईपर्यंत. मुदत संपूनही घर सोडलं नाही, तर कलम २४ नुसार दुप्पट भाडं लागू शकतं, हेही त्या मुलाने आपणहून समजावलं. पुढच्या वर्षी यालाच बोलावणार.