रानडुकरं आवरायची कशी: कुत्री-कोयता, झटक्याची तार की लेखी परवानगी?

गेल्या उन्हाळ्यात माझ्या चुलत भावाच्या दीड एकर भुईमुगात एका रात्रीत डुकरांचा कळप उतरला. सकाळी वावरात गेलो तर कुणी आडवातिडवा नांगर फिरवल्यासारखं रान झालं होतं. वेल उलटे पडलेले, शेंगा आऱ्यांसकट गेलेल्या, जागोजागी मुसकटानं उकरलेले खड्डे. त्याच संध्याकाळी गावातली तीन पोरं शेतातल्या आखाड्यावर आली. "काका, सहा कुत्रे हायेत आपल्याकडं. कोयते, बरच्या हायेत. एक रात्र द्या, रान मोकळं करून देतो." उद्या सांगतो म्हणून भावानं त्यांना वाटेला लावलं आणि मला फोन केला, "आप्पा, काय करू?"

चाकूर-अहमदपूरपासून केज-कळंबपर्यंत आणि वर किनवटच्या जंगलाकडं हा प्रश्न आज कितीतरी शेतकऱ्यांपुढं आहे. मराठवाड्यात जंगल फार थोडं, पण डुकराला जंगल लागतच नाही. उभा ऊस, मांजरा-तेरणेच्या पात्रातली वेडी बाभूळ आणि ओढ्यातला गाळ एवढं त्याला पुरतं. दिवसभर उसात पडून राहायचं आणि अंधार पडला की भुईमूग, चिकात आलेला मका, हुरड्यातली ज्वारी, हरभरा, रताळी, जे जवळ असेल त्यावर धाड घालायची. त्यातून शेतीची लाईट रात्रीची असली की माणसालाही त्याच वेळी दारं धरायला, म्हणजे पिकाला पाणी द्यायला, जावं लागतं. म्हणून कोणताही उपाय पाहताना तो पिकाला किती वाचवतो आणि माणसाला किती वाचवतो, हे दोन्ही पाहावं लागतं.

कुत्री आणि कोयता

आधी याच्याबद्दलच बोलतो, कारण हा उपाय सगळ्यात सोपा आणि फुकटचा वाटतो. पंचविशीच्या आत असताना मीही एकदा अशा शिकारीला गेलो होतो, नदीकाठच्या बाभळीत. कुत्री पुढं, आम्ही मागं. कळप फुटला, डुकरी पिलांना घेऊन दिसेनाशी झाली आणि एक मोठा नर बाभळीच्या बुडाला पाठ लावून उभा राहिला. कुत्री भुंकत त्याच्याभोवती फिरत होती. त्यानं मान खाली घालून एकदाच वर झटका दिला आणि माझ्या मित्राच्या कुत्र्याचं पोट फाटलं. बरची घेऊन पुढं गेलेल्या माणसाच्या मांडीला हातभर जखम झाली. त्याला खाटेवर घालून रस्त्यापर्यंत आणायला आम्हाला तास लागला. डुक्कर मेलं, पण पुढच्याच आठवड्यात तोच कळप त्याच रानात परत आला. ते कुत्रं दुसऱ्या दिवशी गेलं. त्याच्या मालकाचा चेहरा मला अजून दिसतो.

सुरा किंवा कोयता चालवायचा तर डुकराच्या हातभर अंतरावर जावं लागतं, या शिकारीची खरी गोम तिथंच आहे. न्यूझीलंड, ऑस्ट्रेलिया, अमेरिकेची दक्षिणेकडची राज्यं इथं ही शिकार लोक हौसेनं करतात. तिथं काही कुत्री नुसती भुंकून डुकराला एका जागी रोखून धरणारी, तर काही कान पकडून त्याला दाबून ठेवणारी, अशी वेगवेगळी तयार केलेली असतात. त्यांच्या छातीला जाड कापडाचं चिलखत असतं, गळ्यात ठावठिकाणा सांगणारा पट्टा असतो. एवढं करूनही तिथं कुत्री जखमी होतात, मरतात. आपल्याकडं गावात असतात ती साधी गावठी कुत्री, नाहीतर एखादा कारवान जातीचा. चाकूर तालुक्यातल्या जानवळचा पश्मी तर साऱ्या मराठवाड्याला ठाऊक आहे. ही जातिवंत कुत्री सशामागं धावायला घडलेली: लांब पाय, अरुंद छाती, पातळ कातडी. डुकराच्या सुळ्यापुढं त्यांना उभं करणं म्हणजे त्यांचा बळी देणं, आणि हे मी कुत्र्यांवर जीव असणाऱ्या माणसासारखंच बोलतोय.

त्या देशांतला आणखी एक फरक लक्षात घ्या. न्यूझीलंडला डुकरं नेली कॅप्टन कुक आणि त्याच्या काळातल्या दर्यावर्दींनी, अमेरिकेत नेली स्पॅनिशांनी. तिथं तो बाहेरून आलेला उपद्रवी प्राणी आहे. आपलं रानडुक्कर इथलंच, लांडग्या-बिबट्याच्या पोटाचा आधार. म्हणून कायदाही वेगळा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये २०२२ साली दुरुस्ती झाली, त्या दुरुस्तीप्रमाणे रानडुक्कर अनुसूची २ मध्ये, म्हणजे संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. कायद्याच्या भाषेत शिकार म्हणजे नुसतं मारणं नव्हे. पाठलाग करणं, हुसकावून पुढं घालणं, फास लावणं, विष घालणं, जखमी करणं आणि यातलं काहीही करू पाहणं, हे सगळं शिकारच. म्हणजे कुत्री सोडली तिथंच गुन्हा घडला, डुक्कर सापडो न सापडो. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. हत्यारं, मोटारसायकल, जीप जप्त होते ते वेगळंच.

पोरं म्हणतात, "अंगावर आलं म्हणून मारलं म्हणायचं." ही पळवाट कायद्यानं आधीच बुजवून ठेवलीय. स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्‌भावनेनं प्राणी मारला तर कलम ११ प्रमाणे तो गुन्हा नाही, हे खरं. पण त्याच कलमात पुढं असंही आहे की जो माणूस त्या वेळी कायदा मोडत होता, त्याला हे संरक्षण मिळत नाही. म्हणजे पाणी द्यायला गेलेल्या माणसानं अंगावर आलेलं डुक्कर मारलं तर कायदा त्याच्या बाजूनं आहे. कुत्री घेऊन गेलेल्यानं मारलं तर नाही. शिवाय मेलेलं डुक्कर सरकारी मालमत्ता असतं, त्यामुळं मटणाचे वाटे घालणाऱ्यांवरही केस होते. आणि बोलावणारा बागायतदार घरात झोपलेला असतो, सापडतात ती गावाबाहेरच्या पालांतली, रोजावर आणलेली माणसं. हे मला कधीच पटलेलं नाही.

रोगराईचंही बघा. डुकराचं मटण कच्चं राहिलं तर त्यातले सूक्ष्म कृमी माणसाच्या स्नायूंत शिरतात. रक्तामांसातून कुत्र्यांना ब्रुसेला नावाच्या जिवाणूची लागण होते. २०२० पासून देशात आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा साथीचा रोग आहे. तो माणसाला होत नाही, पण मेलेल्या डुकराच्या आतड्यांवरून कुत्री फिरली की गावातल्या पाळीव डुकरांपर्यंत पोचायला त्याला वेळ लागत नाही.

हे सगळं बाजूला ठेवलं, तरी पीक वाचतं का? वाचत नाही. डुकरी सुमारे ११५ दिवसांत विते आणि एका वेताला चार-सहा पिलं देते. कुत्र्यांसमोर उभा राहतो तो बहुधा नर. डुकरी पिलांना घेऊन केव्हाच निसटलेली असते. एक नर मारून कळप कमी होत नाही, दोन-चार दिवस शेजाऱ्याच्या उसात जातो एवढंच. आणि मोकाट सुटलेली कुत्री डुकरापाशी थांबत नाहीत. हरणाचं पाडस, मोर, ससा, समोर येईल ते धरतात. काळवीट आणि मोर तर अनुसूची १ मध्ये येतात, तिथं शिक्षा याहून कडक.

झटक्याची तार

झटका मशीन म्हणजे सोलर प्लेट, बॅटरी आणि साधारण सेकंदाला एक या वेगानं तारेत झटका सोडणारी पेटी. झटका हजारो व्होल्टचा, पण क्षणाच्याही बारीक तुकड्याएवढाच टिकणारा. म्हणून तो जोरात बसतो पण जीव घेत नाही. आणि खांबावरून आकडा टाकून तारेत सरळ करंट सोडणं ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. दोन्हीला गावात "करंट लावला" असंच म्हणतात, तिथंच घात होतो. आकड्याच्या तारेनं माणसंही मेली आहेत: बांधावरून जाणारा शेजारी, पहाटे उठलेला सालगडी, कधी घरचंच पोर. तो पर्याय मी या तुलनेत धरतच नाही.

झटक्याच्या तारेत चुका कुठं होतात ते मात्र सविस्तर सांगतो. डुकराचं कातडं जाड, वर राठ केस, त्यामुळं अंगाला तार लागून त्याला फारसं काही होत नाही. झटका बसायला हवा तो ओल्या नाकाला. म्हणून पहिली तार जमिनीपासून वीतभर, दुसरी हातभर आणि तिसरी मांडीच्या उंचीला. पहिलीच तार गुडघ्याला लावली की डुक्कर खालून घुसतं आणि माणूस म्हणतो मशीन बोगस. दुसरं, अर्थिंग, म्हणजे मशीनपासून जमिनीत ठोकलेली सळई. आपल्या काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, माती कोरडी झाली की झटका बोथट होतो. अर्थिंगच्या सळईजवळ कोळसा-मीठ घालून अधूनमधून घागरभर पाणी ओतत राहावं. पावसाळ्यात नेमकं उलटं होतं: गवत वाढून तारेला टेकतं आणि झटका जमिनीत जिरतो. तारेखालची पट्टी आठवड्याला साफ केली नाही तर प्लेट-बॅटरीवर घातलेले पैसे वाया गेले म्हणून समजा.

खर्चाचा हिशेब तारेच्या लांबीवर ठरतो. दोन एकराचा चौकोनी तुकडा धरला तर घेर साधारण ३६० मीटर, तीन पदरी तार म्हणजे हजार-अकराशे मीटर. चार भाऊबंदांचे असे चार तुकडे लागून असतील आणि प्रत्येकानं आपापलं कुंपण केलं तर घेर १,४४० मीटर होतो. चौघांनी मिळून एकच कुंपण केलं तर ७२०. तार निम्मी, मशीन चाराऐवजी एक. एवढा साधा हिशेब धुऱ्याच्या भांडणापायी होत नाही, याचं मला फार वाईट वाटतं. जंगलालगतच्या निवडक गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून सौर कुंपणाला ७५ टक्के किंवा १५ हजार, यातलं जे कमी असेल तेवढं अनुदान आहे. तुमचं गाव त्या यादीत आहे का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून घ्या.

बंदूक, पण कागदावर

डुक्कर मारणं पूर्ण बंद आहे असं नाही. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम ११ खाली वन विभागाचा अधिकृत अधिकारी लेखी आदेश देऊन शिकारीची परवानगी देऊ शकतो. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात द्यायचा. पण त्यासाठी परवान्याची बंदूक आणि ती चालवणारा माणूस लागतो, आणि बहुतेक गावांत तो मिळत नाही. केरळनं २०२२ मध्ये हा अधिकार ग्रामपंचायतीच्या प्रमुखापर्यंत नेला. विष, स्फोटक आणि वीज वापरायला मात्र तिथंही मनाई आहे. उसाच्या मोठ्या पट्ट्यात एकच नर रोज माणसांच्या अंगावर येत असेल, तर हाच रस्ता धरावा आणि अर्ज एकट्यानं न देता गावानं मिळून द्यावा.

नुकसान झालं की भरपाईचा अर्ज तीन दिवसांच्या आत. वन, महसूल आणि कृषी अशा तिन्ही खात्यांचा पंचनामा होतो, तोवर उकरलेलं रान तसंच ठेवा, फोटो काढून ठेवा. पैसे उशिरा येतात आणि नुकसानाच्या मानानं कमी असतात. तरी अर्ज सोडू नका. उद्या तुम्ही शिकारीची परवानगी मागाल तेव्हा मागचे पंचनामेच तुमच्या बाजूनं बोलतील.

बाकीचं थोडक्यात

जुन्या साड्या बांधल्या की आठ-पंधरा दिवस फरक पडतो, मग डुक्कर त्यातून वाट काढतं. स्पीकरवर वाघाची डरकाळी लावली तर तेच, आवाज आणि जागा बदलत राहिलात तर जरा जास्त दिवस. फटाके जागलीवर माणूस असेल तरच. करडई मात्र विसरू नका. रब्बीच्या ज्वारी-हरभऱ्याभोवती चार ओळी दाट करडई ही आपली जुनीच रीत, तिच्या काट्यांनी गुरांना आवरलं तसंच डुकरांनाही. दाणा हाती येतो तो वेगळा. परभणीच्या कृषी विद्यापीठानं करडईचे वाण काढलेले आहेत, बियाणं मिळतं.

कुणी काय निवडावं

दोन-तीन एकर भुईमूग किंवा मका असेल तर झटक्याची तार, आणि दाणे भरायच्या तीन-चार आठवड्यांत जागल. रब्बीची ज्वारी-हरभरा असेल आणि हातात पैसा नसेल तर करडई. दहा एकर ऊस असेल तर त्याला तार परवडणार नाही. कडेची वेडी बाभूळ काढा, उसाभोवती दोन-चार हात पट्टी मोकळी ठेवा, म्हणजे डुकराला आडोसा उरत नाही आणि पाणी द्यायला जाणाऱ्याला ते आधी दिसतं. रात्री दारं धरायला जायचं असेल तर एकट्यानं जाऊ नका, बॅटरी आणि काठी हातात ठेवा, आणि पिलं दिसली की मागं फिरा. डुकरी जवळच असते. सुळा लागलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्यानं धुवा आणि धनुर्वात-रेबीजच्या लसीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

भावानं पोरांना नाही म्हणून सांगितलं. त्यातल्या एकाला बॅटरी-वायरिंगचं कळतं, त्याच्याकडूनच शेजारच्या दोघांसह तिघांत मिळून एक मशीन बसवून घेतलं. पेरणीनंतर दोन महिन्यांनी ओढ्याकडच्या कोपऱ्यातून डुकरं पुन्हा आत आली. जाऊन बघितलं तर पावसानं माती वाहून गेल्यामुळं खालची तार वीतभराची दीड वीत झाली होती. ती आम्ही खाली ओढून घेतली, तिथं आणखी एक खुंट ठोकला आणि त्या रात्री भाऊ नि मी दोघंही माळ्यावर जागलीला थांबलो.