डाऊनची हलकी स्लीपिंग बॅग: पावसापेक्षा दवाशी जास्त गाठ

गेल्या वर्षी नवरात्राच्या सुमारास डाऊनची, म्हणजे बदकाच्या मऊ पिसांची, स्लीपिंग बॅग घेतली. वजन 780 ग्रॅम, 800 फिल पॉवर, कम्फर्ट तापमान, म्हणजे जितक्या थंडीत आरामात झोप लागते ते, शून्य अंश. हिवाळाभर ती भंडारदऱ्याच्या काठावर, साम्रदला आणि राजमाचीच्या उधेवाडीत वापरली, आणि यंदा जुलैत हिमाचलातल्या हामटा पासच्या ट्रेकला नेली. उबेबद्दल काडीचीही तक्रार नाही. मात्र ती कोरडी राहिली तरच ऊब देते, आणि तिला ओल लागते ती बहुतेक वेळा आपल्याच अंगातून. दुकानात हे कुणी सांगत नाही, म्हणून सविस्तर लिहितो आहे.

800 फिल पॉवर म्हणजे 28 ग्रॅम पिसं मोकळी फुगली की साधारण 13 लिटर जागा व्यापतात. त्या फुगाऱ्यात अडकलेली हवा आपल्याला ऊब देते. पिसं ओलावली की त्यांचे गोळे होतात, हवा निघून जाते आणि अंगावर नुसतं पातळ नायलॉन उरतं. सिंथेटिक बॅग भिजली तरी थोडीफार ऊब धरून ठेवते, पण तेवढ्याच उबेची घ्यायची तर वजन दीड किलोच्या घरात जातं. लेबलवरचं तापमानसुद्धा प्रयोगशाळेत कोरड्या बॅगेवर मोजलेलं असतं, हे लक्षात ठेवावं.

आधी पावसाचं सांगतो, कारण तो भाग सोपा आहे. सॅकच्या रेन कव्हरवर विसंबू नका. मानेवरून ओघळलेलं पाणी पाठ आणि सॅक यांच्या मधून खाली उतरतं आणि कव्हरच्या तळाशी साठतं. बहुतेक जण स्लीपिंग बॅग नेमकी तिथेच, सॅकच्या तळाला भरतात. मी सॅकच्या आत जाड प्लास्टिकची मोठी पिशवी घालतो. युरियाच्या गोणीत आतून असते तसली, पण कोरी. प्लास्टिकच्या घाऊक दुकानात वजनावर मिळते. स्लीपिंग बॅग तिच्यात, पुन्हा तिच्या स्वतःच्या रोल-टॉप ड्राय बॅगेत, म्हणजे तोंड गुंडाळून बंद करायच्या जलरोधक पिशवीत. तोंड बंद करताना गुडघ्याने हवा काढायची आणि किमान तीन वळसे घालायचे. ड्राय बॅगेच्या आतल्या शिवणींवरची पट्टी मात्र अधूनमधून तपासा. माझ्या बॅगेची काही महिन्यांतच एका कोपऱ्यात सुटू लागली. बॅगेत हवा भरून, तोंड वळवून बादलीत दाबली की बुडबुडे लगेच दिसतात. पाण्याची नळीवाली पिशवीही सॅकच्या आत ठेवत नाही. ती गळाली तर भर उन्हाळ्यातही बॅग भिजते.

आता दवाचं. झोपेत माणूस श्वासातून आणि त्वचेतून रात्रभरात पाव लिटर तरी पाणी बाहेर टाकतो. दोघांच्या टेंटमध्ये ते अर्धा लिटर झालं. बाहेर गारठा, टेंटचं कापड थंड, त्यामुळे हे बाष्प कापडाच्या आतल्या बाजूला थेंब होऊन बसतं. मग पायाचं टोक भिंतीला टेकतं आणि सकाळी बॅग तिथे लिबलिबीत लागते. थंडी जास्त असेल तर थोडं बाष्प बॅगेच्या बाहेरच्या थरातच, पिसांमध्ये गोठतं किंवा निवतं. वरच्या कापडाला पाणी न धरणारा लेप असला तरी त्याचा इथे उपयोग नाही, ओल आतून आलेली असते.

भंडारदऱ्याला डिसेंबरात पाण्याला लागून टेंट लावणाऱ्यांचं सकाळी सगळं ओलंचिंब असतं. थंड हवा उतारावरून घसरत काठाशी साचते, त्यात पाण्याचा दमटपणा. थोडं वर, एखाद्या झाडाखाली लावला तर तोच टेंट जवळपास कोरडा राहतो, कारण फांद्यांमुळे कापड उघड्या आभाळाखाली असतं तितकं निवत नाही. वाळक्या फांद्या तेवढ्या बघून घ्यायच्या. गारठा येईल म्हणून लोक टेंटच्या चेनी गच्च लावतात, तेच नडतं. मी दोन्ही बाजूंनी वर चार बोटं फट ठेवतो आणि डोक्याला माकडटोपी घालतो. नाक बॅगेच्या बाहेरच हवं. आत तोंड खुपसून झोपलं की पहिला तासभर बरं वाटतं आणि पहाटे गळ्याशी ओल लागते. ओले मोजे अंगाच्या उबेवर वाळवायला बॅगेत घेणं तर अजिबात नको, ते पाणी शेवटी पिसांतच जातं. पायाच्या टोकावर मी रेनकोट उलटा पांघरतो, त्याचा फार फायदा झाला.

हामट्याला या सगळ्याचा कस लागला. जोब्र्यापासून बालू का घेरापर्यंत कुल्लूच्या बाजूला रोज पाऊस, ऊन नाहीच. बॅग एकदाही भिजली नाही, तरी रोज सकाळी फुगारा आदल्या दिवसापेक्षा कमी दिसायचा. तिसऱ्या रात्री अंगात जाकीट घालून झोपावं लागलं. साधारण 4,270 मीटरवरचा पास ओलांडून लाहौलमध्ये उतरलो की पीर पंजालच्या आडोशाने पाऊस जवळजवळ थांबतो. छत्रूला बॅग उलटी करून, काळं अस्तर वर, तापलेल्या दगडांवर पसरली. दोनेक तासांत ती पहिल्यासारखी टम्म झाली. हे वाळवणं मी सगळ्यात महत्त्वाचं मानतो. सह्याद्रीतही सकाळी घाईत कोंबलेली बॅग दुपारी जेवायला थांबलो की कातळावर पसरतोच. करवंदीच्या जाळीवर टाकू नका, एवढं पातळ कापड काट्याने लगेच फाटतं. शेकोटीजवळही नको, एका ठिणगीने भोक पडतं.

धुलाई एकदाच केली, मे महिन्यात पुण्यात. डाऊनसाठीचा खास साबण, टबात हलक्या हाताने दाबून, न पिळता. सावलीत जाळीवर आडवी पसरून गोळे बोटांनी मोडत बसायचं. पूर्ण वाळायला तीन दिवस लागले. मुंबईत किंवा कोकणात हे पावसाळ्यात करायच्या भानगडीत पडू नये, कुबट वास धरेल.

भर पावसात सह्याद्री करणाऱ्याला मी ही बॅग घे म्हणणार नाही. त्याने सिंथेटिक घ्यावी आणि वजन सोसावं. ऑक्टोबर ते मार्च आणि हिमालय, एवढ्यासाठी पैसे वसूल आहेत. घरी मात्र ती दाबून भरलेल्या पिशवीत ठेवत नाही. सुती खोळीत सैल, सिलिका जेलच्या पुड्या टाकून कपाटात असते, आणि श्रावणात ऊन पडलं की तासभर गच्चीत.