छताला टांगायचा एबीसी सिलिंडर: प्लास्टिकच्या गोदामात घ्यावा का?

पुण्याभोवती वाघोली, फुरसुंगी, उरुळी देवाची, चाकण, कुठल्याही पत्र्याच्या शेडमध्ये मान वर केली की पर्लिनला, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या लोखंडी पट्ट्यांना, लटकलेले लाल डबे दिसतात. आत आग विझवणारी 5 किंवा 10 किलो एबीसी पावडर, दाबाखाली भरलेला वायू, खाली रंगीत द्रवाचा छोटा काचेचा बल्ब. बल्ब तापून फुटला की पावडर आपोआप खाली पडते. पाइप नको, पंप नको, टाकी नको, एका दिवसात काम होतं. विकणारे याला सर्रास ‘स्प्रिंकलर’ म्हणतात. हा स्प्रिंकलर नाही; स्प्रिंकलर म्हणजे छताखालच्या पाइपांतून आगीवर पाणी फवारणारी यंत्रणा. प्लास्टिकचे क्रेट, ड्रम, फर्निचर किंवा कच्चे दाणे साठवणाऱ्याने याच्या भरवशावर राहू नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

कारण मालातच आहे. लाकूड किलोमागे साधारण 17 मेगाज्यूल उष्णता देतं, क्रेट-ड्रमचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिथिलीन, 46 च्या आसपास. म्हणजे 2 किलोचा एक क्रेट पाच किलो लाकडाला भारी. शिवाय तो जळता जळता वितळतो. पेटलेले थेंब खाली टपकतात, जमिनीवर त्यांचं थारोळं होतं आणि आग थप्पीच्या बुडातून शेजारच्या रांगेत शिरते. दोन थप्प्यांमधली फट तर धुराड्यासारखी ज्वाळा वर खेचते. पावडर ज्वाळा दाबते, पण माल थंड करत नाही. आतल्या क्रेटपर्यंत ती पोचतही नाही. ढग विरला की गरम प्लास्टिक पुन्हा पेट घेतं, आणि तोवर डबा रिकामा झालेला असतो. एक लिटर पाणी वाफ होईपर्यंत सुमारे 2.6 मेगाज्यूल उष्णता ओढून घेतं. प्लास्टिकच्या आगीत कामाला येते ती ही ओढ.

बल्बचा रंग नीट बघा. लाल म्हणजे 68 अंश, पिवळा 79, हिरवा 93. स्प्रिंकलरच्या नियमात 68 अंशांचा बल्ब छतालगतची हवा 38 अंशांच्या वर जात नसेल तिथेच चालतो. पुण्यात एप्रिल-मे महिन्यांत बाहेरची सावलीच 40 गाठते, मग उघड्या पत्र्याखालचं काय सांगावं! म्हणून हिरवा घ्यावा, तर तो उशिरा फुटतो, आणि 8-9 मीटर उंच शेडमध्ये तोवर आग डब्याच्या आवाक्याबाहेर गेलेली असते. लेबलवर टांगायची उंची आणि झाकलं जाणारं क्षेत्र लिहिलेलं असतं. ते वाचून मग आपली शेड मोजा, बहुतेक ठिकाणी हिशोब जमत नाही.

देखभालीतही गोम आहे. दाबाचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, हे महिन्याला एकदा बघायला हवं. सात मीटरवरचा काटा खालून दिसत नाही आणि शिडी लावून कुणी बघत नाही. गळती झालेला डबा वर्षभर तसाच लटकत राहतो.

डबा अगदीच टाकाऊ नाही. इलेक्ट्रिक पॅनेलची बंद खोली, जनरेटरची खोली, छोटं स्टोअर, जिथे छत खाली आहे आणि माल थोडा आहे, तिथे तो जरूर लावा.

प्लास्टिकची थप्पी 1.5 मीटरच्या वर गेली की स्प्रिंकलरसाठीचं अमेरिकन मानक एनएफपीए 13 तिला जास्त कडक नियम लावतं. तिथे खरा उपाय ईएसएफआर स्प्रिंकलर, म्हणजे लवकर फुटून भरपूर पाणी ओतणारा, गोदामांसाठीचा प्रकार. 9 मीटर छत आणि साडेसात मीटरपर्यंत साठा असेल, तर के-200 मापाचे (हा आकडा पाणी किती सुटतं ते सांगतो) 12 हेड, म्हणजे पाणी फवारणारी तोंडं, एकाच वेळी साधारण 3.5 बार दाबाने चालतील असा हिशोब धरतात. एका हेडमधून मिनिटाला 375 लिटर, बारांतून 4,500. तासाभराला 2 लाख 70 हजार लिटर, वर होजसाठी आणखी सुमारे 57 हजार. खर्च ऐकून डोळे पांढरे होतात खरे, पण मालाची किंमत शेजारी मांडून बघा.

इथेही चुका ठरलेल्या आहेत. सगळ्यात वाईट म्हणजे सरळ ठेवलेले उघडे क्रेट. वरून पडणारं पाणी त्यांतच साचतं, खालची आग कोरडी राहते. उघड्या तोंडाचे क्रेट-पेट्या ईएसएफआरला चालतच नाहीत, म्हणून क्रेट उपडे रचा किंवा झाकणं लावा. हेडच्या डिफ्लेक्टरखाली, म्हणजे पाणी पसरवणाऱ्या चकतीखाली, 914 मिलिमीटर मोकळी जागा लागते. सीझनला माल वाढला की आधी हीच जागा खाल्ली जाते. रॅकवर प्लायवूडच्या सलग फळ्या टाकू नका. जुन्या ट्रस शेडच्या छताचा उतार 12 ला 2 (12 फूट आडव्याला 2 फूट चढ) पेक्षा जास्त असेल तर ईएसएफआर बसतच नाही, हे कोटेशन मागवण्याआधी तपासा. डिझेल पंप हवाच, कारण आग लागली की वीज तोडतात. आणि टँकरच्या पाण्यावर चालणाऱ्या भागात टाकीतलं राखीव पाणी संडास-बागेला जातं. वापराच्या पाण्याचा पाइप राखीव पातळीच्या वरून काढला की हा प्रश्न कायमचा मिटतो.

एवढा खर्च झेपत नसेल, तर डबे वाढवण्याऐवजी थप्पी दीड मीटरच्या आत ठेवा, रांगांमध्ये रुंद वाट सोडा, 30 मीटरची होज रील आणि तिला दाब देणारा पंप बसवा, फोर्कलिफ्टचं चार्जिंग मालापासून लांब न्या. वेल्डिंग झाल्यावर तासभर माणूस तिथेच थांबवा.

गोदामात कामगारांना झोपू देऊ नका. मे 2019 मध्ये उरुळी देवाचीत कापडाच्या दुकानाला पहाटे आग लागली, आत झोपलेले 5 कामगार गेले. प्लास्टिकचा काळा धूर कापडाहून कमी घातक नाही, आणि पावडरच्या ढगात दार शोधणं आणखी अवघड.

महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंध कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा बी फॉर्म द्यावा लागतो. सही घेण्याआधी एजन्सीला पंप चालू करायला लावा आणि सगळ्यात लांबच्या टोकाला गेजवर दाब किती येतो ते स्वतः उभं राहून बघा.