गोल्फ लेसनचं पॅकेज, काही महिन्यांनंतर: स्लाइस तसाच, आणि सगळा राग मॅटवर

परवा मेसेज आला. 'आपल्या पॅकेजची मुदत या महिनाअखेर संपत आहे, उर्वरित सेशन पुढे ढकलता येणार नाहीत.' बरं, सेशन उरलीच का? तर मध्ये कोच सर स्वतः सुट्टीवर होते आणि तेवढ्या काळात ॲकॅडमीने दुसरं कोणी दिलं नाही. म्हणजे सुट्टी त्यांची आणि दिवस कापले माझे. काउंटरवर जाऊन भांडले, तर तिथल्या माणसाने फॉर्मवरचं बारीक अक्षरातलं कलम बोट ठेवून दाखवलं, खाली माझीच सही. म्हटलं ठीक आहे, आता निवांत बसून सगळंच लिहिते.

ग्रिप म्हणजे काय, स्टान्स कसा, कुठला क्लब कशाला, हे सांगत बसत नाही, लेसनचा अनुभव वाचायला आलेल्यांना तेवढं माहीत असतंच. माझं दुखणं साधं होतं. ड्रायव्हरने (सगळ्यात लांब मारायच्या क्लबने) मारलं की बॉल डावीकडे निघणार आणि हवेत विचार बदलून उजवीकडच्या झाडीत जाणार, हाच तो स्लाइस. आयर्नने (त्याहून कमी अंतराच्या क्लबने) मारलं की आधी जमीन, मग बॉल. एवढ्या दोन गोष्टी दुरुस्त करून द्या म्हणून पैसे भरले. आज परिस्थिती अशी की रेंजवर (सरावाच्या मैदानावर) मी बऱ्यापैकी मारते, शेजारच्या बे मधले लोक 'छान गेला हो' म्हणतात, आणि कोर्सवर पहिल्या टीवर (जिथून खेळ सुरू होतो तिथे) उभी राहिले की लेसनच्या आधीची मी परत हजर. स्कोअरकार्डवर तर काडीचा फरक नाही.

आणि याचं खापर मी सगळ्यात आधी रेंजवर जिच्यावरून बॉल मारायचा त्या हिरव्या मॅटवर फोडणार आहे. कोचवर नंतर येते.

आयर्नचं गणित असं आहे की क्लब खाली येत असतानाच बॉलला लागायला पाहिजे आणि स्विंगचा सगळ्यात खालचा बिंदू बॉलच्या पुढे, टार्गेटच्या बाजूला पडायला पाहिजे. टूरवरचे (व्यावसायिक स्पर्धा खेळणारे) पुरुष खेळाडू ७ आयर्न मारतात तेव्हा क्लब साधारण ४ अंशांनी खाली उतरत असतो, म्हणून आधी बॉल उडतो आणि मग त्याच्या पुढचं गवत निघतं. माझा खालचा बिंदू बॉलच्या मागे. गवतावर याची शिक्षा तिथल्या तिथे मिळते, क्लब मातीत रुततो, बॉल चार पावलं जाऊन बसतो, बरोबरचे लोक एकदम बुटाची लेस बघायला लागतात. मॅटवर यातलं काहीच होत नाही. खाली टणक जमीन, त्यामुळे क्लबचा तळ आपटतो, उसळतो आणि घसरत जाऊन बॉलच्या बुडाला लागतो, बॉल मस्त उडतो, वर ठक्क असा समाधानकारक आवाज. कोरा पेपर दिला तरी पास करणारे मास्तर असतात ना, तशी ही मॅट. आणि आपण तिच्यावर बॉलची बकेटमागून बकेट रिकामी करत राहतो की प्रॅक्टिस चालू आहे, प्रॅक्टिस चालू आहे. अहो कसली प्रॅक्टिस, फॅट म्हणजे बॉलआधी जमीन मारण्याची!

त्यात मॅटवर आपटून आपटून माझं डावं कोपर दुखायला लागलं ते वेगळंच. फिजिओकडे गेले तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, गवतावर मारता की मॅटवर. म्हणजे फिजिओला कळतं.

तिथल्या स्क्रीनवर बॉल किती वेगाने गेला, किती लांब गेला, कितीच्या कोनात उडाला, सगळं येतं. क्लबने बॉलच्या आधी मॅट किती चाटली ते येत नाही. वर रेंजचे बॉल घासून गुळगुळीत झालेले, त्यांच्या अंतरावर तर मुळीच जाऊ नये. तरी सर स्क्रीनकडे बघून 'व्हेरी गुड मॅडम' म्हणायचे आणि मीही खूश होऊन घरी. मी त्यांना सारखी म्हणायचे की सर, एकदा तरी गवतावर घ्या. उत्तर ठरलेलं, 'आधी बेसिक पक्कं होऊ दे मॅडम.' पॅकेज संपत आलं, बेसिक काही पक्कं होईना.

आता कोच. माणूस वाईट नाही, खेळतात तर फारच सुंदर, पण शिकवण्याची पद्धत म्हणजे दर लेसनला नवीन आजार. पहिल्यांदा डोकं हलतंय. मग डावा हात वाकतोय. मग हिप आधी फिरत नाही. मग वजन उजव्या पायावर राहतंय. मग बॅकस्विंग फार लांब. मग म्हणे घाई करता. प्रत्येक गोष्ट सुटी घेतली तर खरी असेलही, पण अख्खा डाउनस्विंग पाव सेकंदाच्या आसपास संपतो आणि क्लबफेस (क्लबची बॉलला लागणारी बाजू) बॉलला चिकटून असतो तो साधारण अर्धा मिलिसेकंद. तेवढ्या वेळात मी डोकं सांभाळू, हात सांभाळू, हिप फिरवू की पाय? मी बॉलवर उभी राहून मनातल्या मनात यादी म्हणत असते आणि यादी संपेपर्यंत अंग लाकूड झालेलं असतं.

आणि हे नुसतं माझं रडगाणं नाहीये. १९९९ साली गॅब्रिएल वुल्फ या संशोधिकेने आणि तिच्या सहकाऱ्यांनी यावर प्रयोग केला होता, नवशिक्यांना पिच शॉट (जवळून उंच उडवायचा छोटा शॉट) शिकवताना एका गटाला सांगितलं की आपल्या हातांच्या हालचालीकडे लक्ष द्या आणि दुसऱ्याला सांगितलं की क्लबच्या हालचालीकडे लक्ष द्या. क्लबकडे लक्ष देणाऱ्यांचे शॉट जास्त अचूक पडले, आणि नंतर काही न सांगता परत मारायला लावलं तेव्हाही तेच पुढे. माझ्या लेसनमध्ये क्लब हा विषयच कधी निघाला नाही, सगळा वेळ माझ्याच हातापायांची चर्चा.

पॅकेजमध्ये व्हिडिओ ॲपही होतं आणि पॅकेज घेताना त्याचीच जाहिरात जास्त केली होती. तुमचा स्विंग एका बाजूला, टूरवरच्या कोणाचा तरी दुसऱ्या बाजूला, मध्ये पिवळ्या रेघा. दिसायला एकदम शास्त्रीय. पण मोबाइल कुठे ठेवतात ते बघा. मागून शूट करायचं तर कॅमेरा हातांच्या उंचीवर आणि हातांच्या रेषेत पाहिजे, थोडा इकडे तिकडे सरकला की तोच स्विंग कधी फार आतून आल्यासारखा दिसतो कधी बाहेरून. आमच्याकडे मोबाइल बॅगेला टेकवून ठेवायचे, बॅग कलेल तसा कॅमेरा कलणार, आणि मग त्या कललेल्या व्हिडिओवर रेघा मारून मला सांगणार की मागच्या वेळेपेक्षा प्लेन (स्विंगचा कल) सुधारलं. सुधारलं असेल, बॅगेचं.

शिवाय टूरवाल्यासारखं दिसायचंय कशाला? अमेरिकन गोल्फर जिम फ्युरिकचा स्विंग आठवा, क्लब वर जाताना एकीकडे, खाली येताना भलतीकडे, कुठल्याही ॲपने लाल शेरे मारून परत पाठवला असता. त्या माणसाने २००३ ची यूएस ओपन जिंकली आणि २०१६ मध्ये पीजीए टूरवर (अमेरिकेतल्या व्यावसायिक स्पर्धांमध्ये) ५८ फटक्यांत अख्खा राउंड मारला. इम्पॅक्टला फेस बरोबर असला की बाकी नाच कसाही करा. हे मी सरांना बोलले तर ते हसले आणि म्हणाले, 'तो फ्युरिक आहे मॅडम.' यावर काय बोलणार.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि एक स्टार देऊन मोकळी होणार होते. पण भांडणाचा थोडा उपयोग झाला, मुदत नाही वाढवली, तरी सर नसताना त्यांच्या हाताखालच्या मुलाकडे एक सेशन लावून दिलं. तेही रेंज भरलेली होती म्हणून कडेच्या गवताच्या पट्ट्यावर, म्हणजे मी जे इतके महिने मागत होते ते जागा नव्हती म्हणून मिळालं. त्यामुळे वरचं सगळं तसंच ठेवून पुढचं लिहिते.

त्या मुलाने व्हिडिओ काढलाच नाही. चुन्याची एक सरळ रेघ मारली, म्हणाला, बॉल नको, रेघ दोन पायांच्या मध्ये घ्या आणि नुसता स्विंग करत रेघेवरून पुढे पुढे सरका. दोन्ही टोकांना उभं राहून आम्ही बघितलं. रेघेच्या पुढे, म्हणजे जिथे डिव्होट (क्लबने गवत निघून पडलेले खड्डे) असायला पाहिजेत, तिथलं गवत जसंच्या तसं. मागच्या बाजूला खरवडलेल्या मातीची ओळ, काही वीतभर मागे, काही रेघेच्या इतक्या जवळ की चुना उडालाय, आणि सगळ्यांचं तोंड डावीकडे. इतक्या महिन्यांत कुठल्या स्क्रीनने मला एवढं स्वच्छ सांगितलं नव्हतं. खालचा बिंदू मागे आणि स्विंगची वाट बाहेरून आत, दोन्ही आजार एकाच मातीत लिहिलेले.

मग त्याने ड्रायव्हर मारायला लावला आणि दोनच प्रश्न विचारले, बॉल निघाला कुठे आणि वळला कुठे. निघतो डावीकडे, वळतो उजवीकडे. तो म्हणाला, बॉल निघतो तो मुख्यतः फेस जिकडे बघतोय तिकडे, आणि वळतो तो फेस आणि क्लबची वाट यांच्यातल्या फरकामुळे (अर्थात बॉल फेसच्या मध्यावर लागला तर). जुन्या शिकवणीत बरोबर उलटं सांगायचे, की वाट निघण्याची दिशा ठरवते आणि फेस वळण, आणि अजूनही कितीतरी ठिकाणी तेच चालू आहे, आमच्या सरांकडेही. रडारवाले लॉन्च मॉनिटर आल्यावर ते मोजून खोडलं गेलं, निघण्याच्या दिशेत फेसचा वाटा आयर्नला ७५ टक्क्यांच्या आसपास आणि ड्रायव्हरला ८५ च्या आसपास निघतो. म्हणजे माझा फेस टार्गेटच्या डावीकडे, पण वाट त्याहूनही डावीकडे, म्हणून वाटेच्या हिशेबाने फेस उघडा. आता यावर सरांचा उपाय काय होता? 'उजवीकडे वळतोय ना, मग थोडं डावीकडे एम (नेम) करा.' डावीकडे एम केलं की वाट अजून डावीकडे जाते आणि स्लाइस अजून वाढतो. हेच औषध मी फी भरून घेत होते!

मग ग्रिप. त्याने माझा डावा हात धरून उजवीकडे फिरवला, वरून बघितलं तर तीन नकल (मुठीवरचे बोटांचे सांधे) दिसायला पाहिजेत म्हणाला. मला एकच दिसत होतं. गंमत अशी की पहिल्याच लेसनला सरांनीही ग्रिप हीच दाखवली होती, पण त्यानंतर एकदाही कोणी तपासली नाही, आणि ग्रिप ही अशी वस्तू आहे की लक्ष नसलं की हळूहळू जुन्या जागी सरकते, कळत पण नाही. नवीन ग्रिप इतकी विचित्र लागते की क्लब दुसऱ्याच कोणाचा वाटतो. पण त्या दिवशी बॉल डावीकडे निघाला आणि उजवीकडे थोडासाच झुकून फेअरवेवर (मधल्या कापलेल्या गवतावर) पडला. एकदा नाही, बऱ्याचदा. तेव्हा एक स्टारवरून दोनवर आले, आणि तो दुसरा स्टार त्या मुलाचा आहे, ॲकॅडमीचा नाही.

लोक धीर देतात की टायगर वुड्सनेही १९९७ ची मास्टर्स १२ स्ट्रोकने जिंकल्यावर स्विंग बदलायला घेतला, मध्ये बरंच कमी जिंकला आणि मग २००० ची यूएस ओपन १५ स्ट्रोकने मारली. इंग्लंडच्या निक फाल्डोनेही ऐंशीच्या दशकात कोच डेव्हिड लेडबेटरकडे अख्खा स्विंग मोडून नवा बांधला आणि १९८७ ची (ब्रिटिश) ओपन जिंकली. खरं आहे, पण त्यांचं ते कामच होतं हो, दिवसभर तेच करायचे. मला सुट्टीच्या दिवशी सकाळचे दोन तास मिळतात, त्यात पार्किंग शोधायचं. मला स्विंग नवा नकोय, आहे तोच मातीत कमी रुतावा एवढंच मागणं आहे.

पैशाचं म्हणाल तर नवा ड्रायव्हर घेणार नाही, ॲकॅडमीच्या दुकानात आडून आडून सुचवून झालंय. त्याऐवजी फुकटातल्या गोष्टी चालू केल्या आहेत. मॅटवर मारायचंच असेल तर बॉलच्या वीतभर मागे घडी घातलेला टॉवेल ठेवते, टॉवेल उडाला की शॉट कितीही छान गेलेला असो, तो धरायचा नाही. क्लबफेसवर पायाला लावायच्या पावडरचा स्प्रे मारते, बॉल नेमका कुठे लागला त्याचा गोल ठसा उमटतो, माझे सगळे टाचेकडे (प्रॅक्टिसलाच हं, राउंडमध्ये असलं काही फासून खेळायचं नाही, नियमात बसत नाही). आणि एकाच क्लबने सलग बकेट संपवणं बंद, दर शॉटला क्लब आणि टार्गेट दोन्ही बदलते. रेंजवर आता पूर्वीपेक्षा वाईट दिसते, शेजारचे 'छान गेला' म्हणायचे थांबलेत. टॉवेल मात्र पूर्वीपेक्षा कमी उडतोय. ड्रायव्हरचं अजून काही सांगू शकत नाही, कोर्सवर गेले की डावा हात आपोआप जुन्या जागी जातो आणि बॉल झाडीत.

तेव्हा कोणी पॅकेज घेणार असेल तर पैसे भरायच्या आधी हे विचारा: गवतावर किती लेसन, कोच सुट्टीवर गेला तर मुदतीचं काय, आणि प्रत्येक वेळी ग्रिप तपासणार का. पहिल्या दोन्हीची उत्तरं लेखी घ्या. व्हिडिओ ॲपसाठी जास्तीचे पैसे मागितले तर देऊ नका, मोबाइल तुमच्याकडेही आहे, फक्त बॅगेला टेकवू नका. आणि मोठं पॅकेज तर मुळीच नको, सुटे लेसन महाग वाटतात पण न आवडलं की दुसरीकडे जाता येतं. मी आता तेच करणार आहे, तो मुलगा सुटे लेसन घेतो का ते विचारलंय, म्हणाला ऑफिसला विचारून सांगतो.