अपडेटनंतर पंखा ओरडतोय: विंडोज ११ की लिनक्स मिंट?

पंख्याचा आवाज ‘चालतोय की’ म्हणून ज्यांना खपतो, त्यांनी हे वाचलं नाही तरी चालेल. कामाला शांतता लागते अशांसाठी हे लिहितोय: आवाजाचं रेकॉर्डिंग करणारे, ऑनलाइन शिकवणी घेणारे, घर झोपल्यावर भाषांतराला बसणारे. विंडोज १० चा आधार, म्हणजे मायक्रोसॉफ्टची नेहमीची अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून ओळखीतले बरेच जण एकच विचारतात. आहे त्याच मशीनवर विंडोज ११ घेऊन दर महिन्याच्या अपडेटसकट नांदायचं, की विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही फुकट मिळणारी सिस्टीम टाकायची? माझ्याकडे दोन्ही आहेत, वेगवेगळ्या डिस्कवर, आणि दोन्हींची मला गरज पडते. कल मात्र एकीकडे आहे, तो लपवणार नाही.

कोल्हापुरात राजारामपुरीत घराच्या मागच्या खोलीत माझं छोटं रेकॉर्डिंगचं काम चालतं. रिक्षावर लावायच्या अनाउन्समेंट हा त्यातला मोठा हिस्सा. साड्यांचा सेल, क्लासच्या ॲडमिशन, खासबागेतलं कुस्तीचं मैदान, आणि निवडणूक लागली की मग विचारूच नका. रेकॉर्डिंगला बसलं की दार बंद, खिडकीला जाड गोधडी, छताचा पंखा बंद. एप्रिल-मेमध्ये त्या खोलीत माणूस किती वेळ टिकतो हे कोल्हापूरकरांना सांगायला नको. एवढं सोसून खोलीत फिरणारा एकच पंखा उरतो, तो पीसीचा. म्हणून माझं मत त्या एका आवाजावर बेतलेलं आहे. माझ्याकडे डेसिबलचं मीटर नाही. कानाला हेडफोन आहे, बास.

तुलनेआधी एक प्रकरण बाजूला काढू, कारण त्यात दोघांपैकी कुणाचाच दोष नसतो. अपडेटनंतर पंखा मशीन चालू केल्यापासून एकाच पट्टीत, पूर्ण वेगाने ओरडत असेल आणि काम काहीच चालू नसेल, तर बहुधा बायोस, म्हणजे विंडोज-लिनक्सच्या आधी चालू होणारं मदरबोर्डावरचं सॉफ्टवेअर, बदललंय. हल्ली बायोसचे अपडेट विंडोज अपडेटमधून येतात, तसेच लिनक्सवरही सिस्टीममधूनच मिळू शकतात. ते बसले की पुष्कळदा पंख्याची सेटिंग मूळपदावर जातात. कॅबिनेटमधला पंखा तीन पिनांचा असेल आणि बायोसमध्ये त्या जागेला पीडब्ल्यूएम (चार पिनांच्या पंख्याचा) मोड लागला असेल, तर बोर्ड त्याला सतत पूर्ण १२ व्होल्ट देत राहतो. वेग कमी करायचा इशारा चौथ्या पिनेवरून जातो, आणि ती पिन या पंख्याला नसतेच. व्होल्ट कमी-जास्त करणारा डीसी मोड लावला की पंखा गप्प. एवढ्यासाठी विंडोज उडवू नका आणि दुकानात नेऊन फॉरमॅटही मारून घेऊ नका. दुकानदार फॉरमॅट आनंदाने मारतील, पंखा तसाच ओरडत घरी येईल. आणि हो, कारखान्यांच्या उद्यमनगरच्या बाजूला राहत असाल तर आधी कॅबिनेट उघडून ब्रशने हीटसिंक (प्रोसेसरची गरमी काढणारा धातूचा भाग) झाडा. तिकडची धूळ बारीक आणि चिवट असते, तिला अपडेटचं निमित्तसुद्धा लागत नाही.

पंखा चढत-उतरत असेल, तर मशीन आत काहीतरी काम करतंय. खरी निवड इथे सुरू होते.

विंडोजचं मासिक अपडेट अमेरिकेतल्या महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघतं, म्हणजे आपल्याकडे मंगळवारी रात्री उशिरा. बुधवारी सकाळी मशीन चालू केलं की ते उतरवायला सुरुवात. ते बसवून रीस्टार्ट झालं म्हणजे संपलं, असं आपण धरतो. पण मागचं आवरायचं काम त्यानंतरही चालतं. टास्क मॅनेजर उघडून सीपीयूच्या रकान्यावर क्लिक करा, मंडळी वर येतातच: अपडेट बसवणारा आणि जुन्या फाइली आवरणारा ‘विंडोज मॉड्यूल्स इन्स्टॉलर वर्कर’ (टायवर्कर), विंडोजच्या अँटिव्हायरसची, म्हणजे डिफेंडरची ‘अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्युटेबल’, आणि फाइली पटकन सापडाव्यात म्हणून त्यांची यादी करणारा ‘सर्च इंडेक्सर’. तिघंही कामाचेच आहेत. त्यांना मारून टाका असा सल्ला यूट्यूबवर पैशाला पासरी मिळतो, तो मी देणार नाही.

माझं अडलं ते इंडेक्सरपाशी, आणि तेही त्याच्या चांगुलपणामुळे. तुम्ही माऊस-कीबोर्ड वापरत असाल तर इंडेक्सर मागे सरतो. तुमचे हात थांबले की मशीन मोकळं आहे असं समजून जोरात कामाला लागतो. पाहुणे उठले की भांडी घासायला काढायची, ही चांगल्या घरची रीतच झाली. पण रेकॉर्डिंगमध्ये पाहुणा उठलेला नसतो, नुसता गप्प बसलेला असतो. समोरचा माणूस माइकवर वाचतोय, मी श्वाससुद्धा जपून घेतोय, माऊसला कुणाचा हात नाही. मशीनच्या दृष्टीने यापेक्षा मोकळा वेळ दुसरा कुठला? टेक (एका दमात चाललेलं रेकॉर्डिंग) चांगला रंगात आला की पंखा हळूहळू चढायला लागतो.

त्यावर मी काढलेला तोडगा सांगतो, हसू नका. वाचणाऱ्याकडे बघत बघत एका बोटाने माऊस जरा जरा हलवत राहायचा. पंखा खरंच उतरायचा. पण माऊस टेबलावर, माइकचा स्टँडही त्याच टेबलावर, त्यामुळे पंख्याची घरघर जाऊन ट्रॅकमध्ये खसखस यायची. आमच्याकडे आवाज द्यायला येणारे एक जुने निवेदक आहेत. मैदानाची अनाउन्समेंट त्यांनीच करावी असा आवाज. त्यांनी एकदा अर्ध्यात थांबून कागद खाली ठेवला आणि म्हणाले, “दादा, आधी तुमच्या मशीनला बोलून घेऊ दे, मग मी बोलतो की.”

कुणी म्हणेल, नॉइज रिडक्शन आहे की! आहे, आणि ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमधलं चांगलंही आहे. पण ते चालतं कसं? नुसत्या घरघरीचा एक तुकडा नमुना म्हणून द्यायचा, मग ते तशीच घरघर सगळीकडून वजा करतं. आवाज एकसारखा असेल तर निकाल झकास लागतो. चढत जाणाऱ्या पंख्याचा सूर दर क्षणी बदलतो. सुरुवातीचा नमुना शेवटाला लागू पडत नाही, आणि जोर वाढवला तर माणसाचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो. थोडक्यात, एकाच पट्टीत जोरात फिरणारा पंखा मला एक वेळ चालेल, मध्येच चढणारा नाही. तुमच्या कामात हा फरक पडत नसेल, तर माझ्या निकालाचं वजन तुम्ही निम्म्यावर आणलेलं बरं.

विंडोजवर उपाय नाहीत असं मुळीच नाही. अपडेट ५ आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. ॲक्टिव्ह अवर्स १८ तासांपर्यंत लावता येतात, पण त्याने फक्त रीस्टार्ट टळतो, आवराआवर टळत नाही. सर्चच्या सेटिंगमधून रेकॉर्डिंगचं फोल्डर वगळलं की इंडेक्सरचं काम बरंच हलकं होतं. मला सगळ्यात उपयोगी पडली ती पॉवर प्लॅनमधली युक्ती: प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करायची. बहुतेक इंटेल प्रोसेसरवर त्याने टर्बो, म्हणजे प्रोसेसरचा जादा वेग, बंद होतो, गरमी घटते, पंखा सहसा वरच्या पट्टीत जात नाही. काही नव्या लॅपटॉपवर हा पर्याय दिसतच नाही, तेवढं बघून घ्या. आणि अपडेटच्या रात्री मशीन चालू ठेवून झोपलात तर बरीचशी आवराआवर सकाळपर्यंत उरकलेली असते. हे सगळं नेमाने करणारा माणूस विंडोज ११ वर सुखात राहील. मला दर महिन्याला तो बुधवार लक्षात ठेवायचा कंटाळा आला, एवढंच.

मिंटमध्ये पंखा जादूने शांत होतो असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पंखा तोच, हीटसिंक तोच. फरक आहे तो काम कधी सुरू होतं याचा. अपडेट आलं की खाली पॅनेलवर ढालीच्या चिन्हावर ठिपका येतो आणि तो तिथेच राहतो. आपोआप बसवण्याची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. मी रेकॉर्डिंग संपवून, फाइल गिऱ्हाइकाला पाठवून, चहा टाकायला जाताना ते बटण दाबतो. पंखा तेव्हाही चढतो आणि खुशाल चढू दे. अपडेट झालं की झालं, नंतर उरलंसुरलं काम घेऊन कुणी मागून येत नाही, निदान माझ्या मशीनवर तरी आलेलं नाही.

मिंटची २२ ही आवृत्ती जुलै २०२४ मध्ये आली, ती उबुंटू या दुसऱ्या लिनक्सच्या २४.०४ वर बेतलेली आहे आणि तिला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. आवाजाचं अंग या आवृत्तीपासून पाइपवायर या नव्या सॉफ्टवेअरकडे आहे. पूर्वी लिनक्सवर माइक जोडला की देवाचं नाव घ्यावं लागायचं, तशी वेळ आता सहसा येत नाही. यूएसबी माइक आणि साधे ऑडिओ इंटरफेस जोडल्याजोडल्या चालतात. ज्या इंटरफेसला कंपनीचं स्वतःचं कंट्रोल पॅनेल लागतं, तिथे मात्र अडेल. ते पॅनेल बहुतेक वेळा विंडोज आणि मॅकपुरतंच असतं.

मिंटवर पंख्याचं बिघडतं ते वेगळ्या वाटेने. नवा कर्नल (सिस्टीमचा गाभा) आला आणि त्याचं तुमच्या बोर्डाशी जमलं नाही, तर पंखा वर जाऊन बसतो किंवा स्लीपमधून उठल्यावर उतरत नाही. एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड असेल तर दर नव्या कर्नलसोबत त्याच्या ड्रायव्हरचा भाग नव्याने बांधावा लागतो. तो बांधला गेला नाही तर स्क्रीन ढोबळ दिसते आणि कार्डाचा पंखा आपल्या मर्जीने फिरतो. हा त्रास खरा आहे, आणि तो झाला त्या दिवशी नवख्या माणसाला घाम फुटेल. पण यातून परतायची वाट मला फार आवडली. जुना कर्नल डिस्कवर शिल्लक असतो. मशीन चालू होताना शिफ्ट दाबून धरायची, नाहीतर एस्केप, म्हणजे मेनू येतो. त्यात ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये जाऊन कालचा कर्नल निवडायचा. मशीन कालच्यासारखं वागायला लागतं, फाइलींना धक्का नाही, फॉरमॅट नाही. पुढचा कर्नल येईपर्यंत तसंच वापरायचं. शिवाय मिंटमधल्याच टाइमशिफ्टने आधी स्नॅपशॉट (सिस्टीमची प्रत) घेऊन ठेवला असेल, तर सगळी सिस्टीमच अपडेटच्या आधीच्या दिवसावर नेता येते. विंडोजमध्येही मोठं अपडेट मागे घेता येतं, पण साधारण १० दिवसांच्या आत, कारण त्यानंतर जुन्या फाइली साफ होतात. मासिक अपडेट एकेक करून काढता येतं, फक्त ते काही आठवड्यांनी पुन्हा दारात उभं राहतं.

आता मिंटकडे वळू नये अशांचं. श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टवर टाइप करणारे डीटीपीवाले असाल तर इथेच थांबा. जुने फॉन्ट मिंटवर बसवून फाइल दिसेल एक वेळ, पण टायपिंगची ती सवय तिथे मिळणार नाही. महाद्वार रोडवरून माझ्याकडे येणारा मजकूर अजून कधी कधी अशाच फॉन्टमध्ये असतो. नुसता उघडला तर इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. माझी विंडोजची डिस्क जिवंत आहे ती त्यासाठीच. टॅली विंडोजवरच चालतं, त्यामुळे हिशेब आणि रेकॉर्डिंग एकाच पीसीवर असेल तर मिंटचा विषय संपला. डिजिटल सहीच्या टोकनचं लिनक्सवर जमतं, पण खटपट आहे, आणि रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला ती खटपट करायची हौस कुणाला? लॅपटॉपवाल्यांनी थोडी कमी अपेक्षा ठेवावी. तिथे पंख्याचा ताबा बहुतेक वेळा बोर्डावरच्या एका छोट्या कंट्रोलरकडे असतो, तो वरच्या सिस्टीमचं फारसं ऐकत नाही. तरी मिंट २२.१ पासून पॅनेलवरच पॉवर सेव्हर निवडता येतो. जिथे तो दिसतो तिथे रेकॉर्डिंगपुरता लावून ठेवला की काम भागतं.

तिसरा पर्याय म्हणजे विंडोज १० वरच वाढीव सुरक्षा अपडेट घेत राहणं. घरगुती वापरासाठी ती सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच आहे. मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नसेल आणि टॅली सोडवत नसेल, तर तेवढ्या काळापुरता तो धरा.

ज्याचं काम ब्राउझर, ऑडॅसिटी किंवा तसंच रीपर, आणि युनिकोड मराठी एवढ्यात भागतं, त्याला मी मिंटच सुचवीन. बाकीच्यांना विंडोज ११, वरच्या उपायांसकट. ठरत नसेल तर मिंट पेन ड्राइव्हवर घेऊन तिथूनच चालवून बघा, डिस्कला हात लावायची गरज नाही. माइक जोडा, रेकॉर्ड दाबा आणि चांगली दहा मिनिटं कशालाही हात लावू नका. मग विंडोजवर, शक्यतो अपडेटनंतरच्या बुधवारी, हेच करा आणि दोन्ही ट्रॅक हेडफोनवर ऐका. एनव्हिडियाचं कार्ड असलेल्यांनी पेन ड्राइव्हवरचा निकाल अंतिम धरू नये. कार्डाचा मूळ ड्रायव्हर तिथे नसतो, तो डिस्कवर मिंट टाकल्यानंतर ड्रायव्हर मॅनेजरमधून बसवावा लागतो.