दोन कोड होते, मला एकच सांगितला

माझी गाडी २०१८ ची, पेट्रोल, बीएस-फोर. एप्रिलमध्ये आईला घेऊन अक्कलकोटला स्वामींच्या दर्शनाला गेलो होतो. येताना वळसंगजवळ एका गतिरोधकावर गाडी खालून जोरात घासली. गाडी व्यवस्थित चालत होती म्हणून थांबलो नाही. दोन दिवसांनी सकाळी स्टार्टर मारला आणि मीटरमध्ये इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तो विझेचना. पिकअप ठीक, आवाज ठीक, ॲव्हरेजही तेच. नुसता दिवा.

मी जुळे सोलापुरात राहतो. घरापासून जवळ पडतं म्हणून एका गॅरेजात गेलो. त्याचं नाव आणि रस्ता इथे देत नाही, कारण तक्रार चालू आहे. तिथल्या मालकाने स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटला बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर लावला. मेहुण्याला विचारावं म्हणून मी स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला. मालक म्हणाला, "मागचा ऑक्सिजन सेन्सर गेलाय, साहेब. बदलायलाच लागतो." धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या या सेन्सरचे ५,२०० रुपये घेतले. दिवा विझला. जुना सेन्सर नव्याच्या खोक्यात घालून मी डिकीत टाकला, तो निव्वळ सवयीने.

तिसऱ्या दिवशी दिवा परत लागला.

या वेळी त्याने गाडी लिफ्टवर चढवली, मला खाली बोलावलं आणि सायलेन्सरच्या पाइपावर बसवलेल्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर रबरी हातोडा मारला. खळखळ आवाज आला. "ऐकलं? आतलं जाळं फुटलंय. हेच नवा सेन्सर खातंय. असंच चालवलं तर इंजिन बसेल, आणि पीयूसी तर विसराच." मी म्हटलं, फेब्रुवारीतच पीयूसी झाली आहे, कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्यांच्या मर्यादेत आहे, पावती गाडीतच आहे. तो म्हणाला, "ते पीयूसीवाले काय बघतात?" आईला आठवड्यातून तीनदा फिजिओथेरपीला न्यावं लागतं, गाडीवाचून चालत नाही. मी हो म्हटलं. २२,००० सांगितले आणि बिल करताना ५०० कमी केले. जुना कन्व्हर्टर मागितला तर म्हणाला, "तो भंगारात गेला, त्याचेच तर ५०० सोडले तुम्हाला." मी त्याचे आभार मानले.

चार दिवसांनी दिवा तिसऱ्यांदा लागला. आता त्याने ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर उघडावा लागेल म्हणून ३५ हजारांचा आकडा सांगितला. तेव्हा मात्र मी गाडी बाहेर काढली.

मेहुण्याने विजापूर रोडवरच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवलं. पत्र्याचं शेड, एक बाकडं, भिंतीला वायरींची भेंडोळी. वय साठीच्या पुढचं, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी गाडीला हात लावण्याआधी माझ्या मोबाइलमधला फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "इथं तर दोन कोड हैत. तुम्हाला एकच सांगितला का?"

खरंच दोन होते. पी ०१३५ आणि पी ०१४१. पहिला पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या हीटर सर्किटचा, दुसरा मागच्याच्या. सेन्सरचं टोक साधारण ३०० अंशांच्या वर तापल्याशिवाय तो नीट काम करत नाही. गाडी नुकतीच सुरू झाली असताना तो लवकर तापावा म्हणून त्याच्या पोटात बारीकसा हीटर असतो. त्याला इग्निशन चालू झालं की बारा व्होल्टचा करंट लागतो. कोड फक्त एवढंच सांगतो की या हीटरच्या सर्किटमध्ये काहीतरी गडबड आहे. ती हीटरमध्ये असेल, वायरीत असेल, कपलरमध्ये म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये असेल किंवा फ्यूजमध्ये. "सेन्सर बदला" असं कोड कधीच म्हणत नाही, आणि कन्व्हर्टरचा तर या दोन्हींत उल्लेखच नाही. कन्व्हर्टर काम करत नसेल तर त्याचा कोड वेगळा, पी ०४२०. तो माझ्या फोटोत कुठेच नव्हता.

चाचा म्हणाले, "घरातले दोन बल्ब एकदमच गेले तर आपण बल्ब बदलतो का फ्यूज बघतो?" माझ्या गाडीत दोन्ही हीटरना करंट एकाच फ्यूजमधून जातो. त्यांनी बॉनेटमधल्या फ्यूजबॉक्सचं झाकण काढलं आणि पंधरा ॲम्पिअरचा निळा फ्यूज उपसून माझ्या तळहातावर ठेवला. आतली तार मधोमध तुटलेली, प्लास्टिकवर काळा डाग.

नवा फ्यूज घालून ते थांबले नाहीत. फ्यूज उगाच उडत नाही, म्हणाले. गाडीखाली शिरून दहा मिनिटांत कारण सापडलं. मागच्या सेन्सरची वायर बॉडीला धरून ठेवणारी क्लिप तुटली होती, वायर लोंबून गरम पाइपावर टेकली होती आणि वरचं आवरण वितळून आतलं तांबं उघडं पडलं होतं. वळसंगचा गतिरोधक! त्यांनी तेवढी वायर बदलली, वर उष्णता सोसणारी स्लीव्ह चढवली, पाइपापासून लांब बांधली. कपलरमध्ये टेस्ट लॅम्प धरला तर तो झगझगीत पेटला. डिकीतला जुना सेन्सर आणायला सांगून त्याच्या एकाच रंगाच्या दोन वायरींना मल्टिमीटर लावला : साडेसहा ओहम. हीटर शाबूत. म्हणजे ५,२०० रुपयांचा सेन्सर मी विनाकारण बदलला होता.

खळखळ कशाची, तेही कळलं. कन्व्हर्टरवरच्या पत्र्याच्या उष्णता-ढालीचा एक बोल्ट सैल होता. नवा कन्व्हर्टर बसवताना तीच ढाल तशीच परत लावली होती. चाचांनी बोटाने ठोकून दाखवली, तोच आवाज. सगळ्या कामाचे त्यांनी ३५० रुपये घेतले.

पहिला सेन्सर बदलला ती कदाचित चूक असेल, असं मी आजही म्हणतो. बरेच मेकॅनिक कोड वाचतात आणि ज्या पार्टचं नाव दिसेल तो बदलतात. पण पुढचा प्रकार चूक नव्हे. मूळ कंपनीच्या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम हे मौल्यवान धातू असतात. जुना झाला तरी भंगारवाला त्याचे हजारांत पैसे देतो, म्हणूनच जगभर गाड्यांखालून कन्व्हर्टर कापून चोरतात. माझा धडधाकट कन्व्हर्टर त्याने माझ्याच पैशांनी काढून घेतला आणि त्याबद्दल मला ५०० रुपयांची सूट दिली.

त्रास इथेही संपला नाही. तीन आठवड्यांनी दिवा चौथ्यांदा लागला आणि आता कोड आला पी ०४२०. हीटरचा दोष नोंदलेला असेपर्यंत बहुतेक गाड्यांचा कॉम्प्युटर कन्व्हर्टरची तपासणी करतच नाही. हीटर दुरुस्त झाल्यावर ती तपासणी सुरू झाली आणि नवा डबा पहिल्याच परीक्षेत नापास झाला. चाचांनी स्कॅनरवर दोन्ही सेन्सर एकाखाली एक लावून दाखवले. पुढचा ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली होतो, तसाच व्हायला हवा. मागचा जवळपास एका जागी स्थिर राहायला हवा, कारण मधला कन्व्हर्टर धूर साफ करतो. माझ्या गाडीत मागचाही पुढच्यासारखाच नाचत होता. त्या चकचकीत डब्यात काम करणारं फारसं काही नाही.

म्हणून ज्यांच्या गाडीत हा दिवा लागला आहे त्यांना कळकळीने सांगतो. स्कॅनरच्या स्क्रीनचा फोटो घ्या, कोड किती आहेत ते स्वतः मोजा. कोडमध्ये हीटर किंवा सर्किट असा शब्द असेल तर पार्टचा भाव विचारण्याआधी फ्यूज काढून दाखवायला सांगा आणि कपलरपर्यंत करंट येतो का ते टेस्ट लॅम्पवर डोळ्यांनी बघा. कन्व्हर्टर बदला म्हणाले तर पी ०४२० कुठे आहे ते विचारा. जुना कन्व्हर्टर तुमचा आहे, तो गाडीतून घरी न्या. हे विचारल्यावर जो मेकॅनिक चिडेल त्याच्याकडे गाडी सोडू नका.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे जायला २०१९ च्या कायद्याप्रमाणे दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, त्यामुळे तिकडचाही अर्ज तयार केला आहे. तो भरताना बिल पुन्हा बाहेर काढलं. त्यावर कन्व्हर्टर हा शब्दच नाही, पार्ट नंबर नाही. "सायलेन्सर काम, २१,५००" एवढंच लिहिलं आहे. आता माझ्याकडे पुरावा म्हणून तो स्क्रीनचा फोटो आहे, उडालेला फ्यूज आहे आणि गाडीखाली एक डबा आहे, ज्यावर कोणत्याही कंपनीचा शिक्का नाही.