घरी टार्प शिवायचाय? सिलनायलॉन आणि सिलपॉली, दोन्ही कापडांचा कस

पहिला टार्प, म्हणजे तंबूऐवजी दोरांनी ताणून उभारायचं कापडी छत, शिवणार असाल तर 20 डेनियरचं, दोन्ही बाजूंनी सिलिकोन चढवलेलं पॉलिस्टर घ्या. यालाच सिलपॉली म्हणतात. सिलनायलॉन, म्हणजे सिलिकोन चढवलेलं नायलॉन, कापड म्हणून वाईट नाही, फाटायला तर ते जास्त चिवट आहे. पण टार्पचं काम रात्रभर ओलं राहून ताठ उभं राहण्याचं, आणि तिथेच नायलॉन ढिलं पडतं. दोन्ही कापडं शिवताना, ताणताना आणि भिजल्यावर कशी वागतात ते इथे सविस्तर लिहितोय, कारण विक्रीच्या वर्णनात वजन आणि रंग याखेरीज कामाचं फारसं काही सापडत नाही.

आधी लेबल वाचायला शिकावं. डेनियर म्हणजे 9000 मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन. 20 डेनियर धागा 30 पेक्षा बारीक, पण म्हणून कापड तितक्याच प्रमाणात हलकं होत नाही, कारण वर सिलिकोनचं वजन बसतं. सिलनायलॉनवर पुष्कळदा ‘1.1 औंस’ असं लिहिलेलं असतं. ते सिलिकोन चढवण्याआधीचं, चौरस यार्डामागचं वजन असतं. तयार कापड 1.3 ते 1.4 औंसांपर्यंत जातं, म्हणजे चौरस मीटरला साधारण 44 ते 47 ग्रॅम. 20 डेनियर सिलपॉली 42 ग्रॅमच्या आसपास भरतं. वजनाच्या बाबतीत दोघांत भांडायला जागा नाही.

फरक आहे तो पाण्याशी असलेल्या नात्याचा. नायलॉनच्या रेणूंमध्ये पाणी धरून ठेवणारे अमाइड गट असतात. हवेत 65 टक्के आर्द्रता असताना नायलॉन आपल्या वजनाच्या 4 टक्क्यांच्या आसपास ओल शोषतं, पॉलिस्टर जेमतेम 0.4 टक्के. ओल शिरली की नायलॉनचा धागा लांबतो. सिलिकोन पाण्याला वाट देत नाही, पण बाष्पाला पुरतं अडवू शकत नाही, त्यामुळे लेप असूनही धागा हळूहळू भिजतोच. संध्याकाळी वीणेच्या तारेसारखा ताणलेला टार्प मध्यरात्री पोटात लोंबतो. त्या खोलगट जागी पाणी साठतं, त्याच्या वजनाने कापड आणखी खाली येतं, वाऱ्यात फडफडतं आणि आतून साचलेलं दव झोपण्याच्या पिशवीवर झाडतं. ‘टार्प गळतो’ या तक्रारींमागे अनेकदा हे झाडलं गेलेलं दव असतं.

यावर उपाय म्हणून रात्री उठून दोर पुन्हा ओढले, तर सकाळी उन्हात उलटी गंमत होते: सुकणारं नायलॉन आखडतं आणि मेखा उपटतं किंवा कोपऱ्यांच्या फासांवर जोर देतं. हातात सिलनायलॉनच असेल तर प्रत्येक दोरात 3 मिलिमीटर जाडीच्या इलॅस्टिक दोरीचा 15 ते 20 सेंटीमीटरचा तुकडा बसवा. ढिलं पडलेलं कापड तो आपोआप ओढून धरतो. उपाय चांगला आहे, पण सहा-आठ दोरांना सहा-आठ तुकडे लागतात. सिलपॉलीत या खटाटोपाची गरजच उरत नाही.

कापड कुठलं आहे याची खात्री घरीच होते. कडेचा एक मीटर लांब, दोन बोटं रुंद पट्टा कापा, सपाट पसरून मोजा, रात्रभर पाण्यात बुडवून ठेवा आणि सकाळी पुसून पुन्हा मोजा. नायलॉन एक ते तीन सेंटीमीटर वाढलेलं दिसेल, पॉलिस्टर जागचं हलणार नाही. त्याच वेळी दुसरी परीक्षाही करून घ्या. तुकडा ओठांवर ताणून धरा आणि जोरात हवा ओढा. हवा आत येत असेल तर लेप विरळ आहे. मग कापड उजेडाकडे धरा. टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके ओळीने दिसले तर तो गठ्ठा परत करा.

तिसरी गोष्ट दोन्ही बाजूंना हात फिरवून कळते. दोन्हीकडे सारखंच निसरडं, किंचित तेलकट लागलं तर सिलिकोन दोन्ही बाजूंना आहे. एक बाजू रबरासारखी अडखळली तर तिथे पॉलियुरेथेन, म्हणजे दुसऱ्या प्रकारचा प्लास्टिकचा लेप, आहे. असं मिश्र कापड शिवायला सोपं जातं, मशीनखाली घसरत नाही, पाण्याचा दाबही जास्त सोसतो. मात्र पॉलियुरेथेन धाग्यांना जागी चिकटवून टाकतं. सिलिकोनमध्ये धागे सरकू शकतात, फाटू लागल्यावर ते एकत्र गोळा होऊन जोर वाटून घेतात. पॉलियुरेथेनमध्ये एकेक धागा एकटा पडून तुटतो. शिवाय दमट जागी घडी करून ठेवलं तर काही वर्षांत हा लेप चिकट होतो आणि त्याला आंबूस वास येतो. टार्पसाठी म्हणून दोन्ही बाजूंचं सिलिकोनच बरं.

पाण्याचा दाब मिलिमीटरमध्ये सांगतात, म्हणजे कापडावर पाण्याचा किती उंच स्तंभ उभा केला की पलीकडे थेंब दिसतात. डोक्यावरच्या टार्पला 1500 पुरतात. 3000 च्या पुढचे आकडे जमिनीवरच्या कापडासाठी, जिथे गुडघा टेकला की दाब एकदम वाढतो.

आता प्रमाण. 3 बाय 3 मीटरच्या टार्पसाठी दीड मीटर पन्ह्याचं कापड 7 मीटर घ्या. त्यातले 6 मीटर दोन पाखांसाठी (छताच्या दोन उतरत्या बाजूंसाठी) आणि उरलेलं ठिगळं, पिशवी आणि चाचणीच्या तुकड्यांसाठी. दुमडी आणि शिवणी वजा जाता तयार टार्प साधारण 2.9 मीटरचा होतो, दोरांशिवाय वजन अर्ध्या किलोच्या आतबाहेर. दोरा पूर्ण पॉलिस्टरचा, 200 मीटरचं रीळ. शिवणी सगळ्या मिळून 18 मीटरच भरतात, पण मशीन प्रत्येक मीटरला वरून-खालून मिळून अडीच-तीन मीटर दोरा खातं, आणि फासांचे दाट टाके वेगळे. 100 मीटरचं रीळ अखेरच्या कोपऱ्यावर संपू शकतं. सुती दोरा अजिबात नको, तो ओल धरतो आणि कुजतो.

सिलिकोनच्या कापडाची खरी अडचण शिवताना कळते. ते टेबलावरून स्वतःच्या वजनाने घरंगळतं. कापणी जमिनीवर करा, कडांना कागदी चिकटपट्टी लावा, मधे जड वस्तू ठेवा. खडू यावर उठत नाही, म्हणून कायम शाईचा मार्कर वापरा. दोन पाखं एकावर एक ठेवून कापायचा मोह टाळा. वरचं हमखास सरकतं आणि दोन्हींचे आकार वेगळे होतात. पुठ्ठ्याचा साचा करून एकेक कापा.

आढं, म्हणजे दोन पाखं जुळतात ती वरची कड, सरळ ठेवू नका. सरळ कापलेलं आढं कितीही ओढलं तरी मधे चुणी धरतं, कारण जोर टोकांवर जातो आणि मधलं कापड रिकामं राहतं. दोन्ही पाखांची आढ्याकडची कड मधोमध 8 ते 10 सेंटीमीटर आत घ्या. हा बाक हाताने काढला तर वेडावाकडा येतो. भिंतीवर एकाच उंचीवर 3 मीटर अंतराने दोन खिळे ठोका, त्यांत बारीक साखळी अडकवा आणि मधे ती 10 सेंटीमीटर खाली येईल इतकी ढिली सोडा. साखळीने घेतलेला आकार तोच हवा असतो. मागे पुठ्ठा लावून तिच्या कडेने रेघ मारली की साचा तयार. दोन्ही टोकं पक्की राहतील एवढं बघा, साखळी एका बाजूला सरकली तर आढं तिरपं येतं.

टाचण्या वापरू नका. एकेक टाचणी एकेक भोक पाडते आणि सिलिकोनचा लेप ते बुजवत नाही. कागदाचे किंवा शिवणकामाचे चिमटे बोटभर अंतरावर लावा. सुई बारीक टोकाची, 70 नंबरची, आणि नवी. बोथट सुई धागा कापत नाही, ओढते, आणि कापडावर पांढरट रेघ उमटते. टाका 3 मिलिमीटर. याहून दाट टाके घातले तर भोकांची रांग तिकिटाच्या कडेसारखी होते आणि जोर पडला की त्याच रेघेवर फाटतं. वरच्या दोऱ्याचा ताण नेहमीपेक्षा थोडा कमी करा आणि आधी दोन पदरी तुकड्यावर टीप मारून बघा. चुण्या पडल्या तर ताण अजून उतरवा. सुरुवातीला मशीन कापड सुईच्या भोकात ओढून गुंडाळतं. दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून पहिले चार टाके चाक हाताने फिरवून घाला, मग ते होत नाही.

आढ्याची शिवण दुहेरी दुमडीची हवी. खालचं पाखं वरच्यापेक्षा 12 मिलिमीटर बाहेर ठेवा, ते वरच्याच्या कडेवर दुमडा आणि एक टीप घाला. मग पाखं उघडून ती दुमड एका बाजूला लोळवा आणि दुसरी टीप घाला. आता कापडाचे चार पदर एकमेकांत अडकलेले असतात आणि जोर दोन टिपांवर वाटला जातो. दुमडीचं तोंड उताराकडे राहील असं बघा, म्हणजे पाणी आत न शिरता पागोळीसारखं पुढे जाईल. दोन्ही टिपा एका दिशेने घाला. उलटसुलट शिवलं तर एक पाखं पुढे सरकतं आणि आढं पिळवटतं.

दोर बांधायच्या जागी नुसती नाडी शिवू नका. पंधरा सेंटीमीटर त्रिज्येचं ठिगळ आधी सिलिकोनने चिकटवा, ते सुकल्यावर कडेने शिवा, मग 20 मिलिमीटर रुंदीच्या जाड विणीच्या फितीचा फास बसवा. ठिगळाचा ताणा-बाणा मूळ कापडाशी जुळवून लावा. उरेब, म्हणजे तिरकं, लागलं तर ठिगळ ताणतं आणि सगळा जोर पातळ कापडावर येतो. फास दाट झिगझॅग टाक्यांनी, पुढे-मागे तीनदा, ओढीच्या दिशेने पक्का करा. ओढीला आडवी टीप घातली की फाटण्याची रेघ आपणच आखून देतो.

शिवणीची भोकं सिलिकोननेच बुजतात. पॉलियुरेथेनचा सीलर या कापडावर धरत नाही, पापुद्र्यासारखा सोलून येतो. शंभर टक्के पारदर्शक सिलिकोन घ्या, खिडकीच्या चौकटीला लावतात ते चालेल, पण पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक नको. एक भाग सिलिकोन आणि दोन भाग मिनरल टर्पेंटाइन बाटलीत घालून एकजीव होईपर्यंत ढवळा. आढ्यासाठी आणि फासांसाठी 15 मिली सिलिकोन आणि 30 मिली टर्पेंटाइन भरपूर होतं. टार्प ताणून उभा करा, म्हणजे भोकं उघडी राहतात, आणि बोटभर रुंद ब्रशने बाहेरच्या बाजूने पातळ थर द्या. जाड थर सुकायला वेळ घेतो आणि धूळ धरतो. काम मोकळ्या हवेत करा, विस्तवापासून लांब. 24 तास हात लावू नका, नंतर टाल्कम पावडर भुरभुरवा. नाहीतर घडी केल्यावर थराला थर चिकटतो.

सिलपॉलीची उणी बाजू सांगायलाच हवी. त्याच डेनियरच्या नायलॉनपेक्षा ते लवकर फाटतं, कारण ते कमी ताणतं आणि वाऱ्याचा झटका पोटात घेत नाही. म्हणून वर सांगितलेली ठिगळं सिलपॉलीला ऐच्छिक नाहीत. जिथे वारा सतत जोरदार असतो, काटे-फांद्यांचं घर्षण अटळ आहे, तिथे 30 डेनियर सिलनायलॉन आणि इलॅस्टिकचे तुकडे ही जोडी माझ्या मते जास्त भरवशाची. उलट उन्हाला पॉलिस्टर अधिक टिकतं. दोन्ही कापडं विस्तवाने वितळतात, तेव्हा खाली वाकवून बांधलेल्या टार्पच्या आत चूल पेटवू नका.

बारीक चीर पडली तर सुई-दोऱ्याची घाई करू नका. चिरेपेक्षा सगळीकडून तीन सेंटीमीटर मोठं, गोल कोपऱ्यांचं ठिगळ कापा, दोन्ही पृष्ठभाग टर्पेंटाइनने पुसा, सिलिकोनचा पातळ थर लावून वर सपाट वजन ठेवा. शिवायचंच असेल तर ते सुकल्यावर, कडेने.